लाभांश म्हणजे एफडीचं व्याज नव्हे!

विश्रांतवाडीच्या आमच्या काकूंकडे काकांच्या नावचे टाटा स्टीलचे शेअर आले. "दरवर्षी पैसे येतात गं, एफडीच जणू!"

नाही हो काकू! १९०७ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या हाती नोआमुंडीसारख्या लोहखनिजाच्या खाणी आहेत खऱ्या, पण पोलादाचा भाव पडला की नफा आटतोच. २०२१-२२ साठी शेअरमागे ५१ रुपये लाभांश होता. मग एका शेअरचे दहा झाले आणि पुढच्या वर्षी त्या दहांवर मिळाले ३६! १९२४ च्या अडचणीत तर दोराबजी टाटांनी पत्नी मेहेरबाईंचा ज्युबिली हिराही गहाण ठेवला होता. (अडीनडीला दागिनेच, नाही का?)

काकू गप्प. नातीच्या फीची भिस्त याच पैशांवर होती.

"मग फीपुरती खरी एफडीच करते," त्या म्हणाल्या. "शेअर मात्र विकणार नाही हं!"