पाचशे कोटींची अक्कल आणि नगरचं रान

अकोले तालुक्यातल्या घाटघर आणि रतनवाडीला पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस झोडपून काढतो. त्याच जिल्ह्यात पूर्वेला पाथर्डी आणि दक्षिणेला कर्जत-जामखेडकडे वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटरवर समाधान मानावं लागतं, आणि तोही पेरणीच्या वेळी पडेल याचा भरवसा नसतो. राहाता, श्रीरामपूर, नेवासे भागात पाटपाण्यावर ऊस उभा असतो, तर पारनेरच्या पठारावर बाजरी आणि मूग आभाळाकडे डोळे लावून असतात. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, सुमारे 17 हजार चौरस किलोमीटरचा आणि 14 तालुक्यांचा हा नगर जिल्हा 2024 मध्ये कागदोपत्री अहिल्यानगर झाला. शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे आता गावोगावी रुळलेल्या शब्दात ‘एआय’, किती कामाची आहे हे तपासायचं तर याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही. एकाच जिल्ह्यात इथे तीन-चार प्रकारचा महाराष्ट्र आहे.

राज्य मंत्रिमंडळाने 17 जून 2025 रोजी ‘महाॲग्री-एआय धोरण 2025-2029’ मंजूर केलं. पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपयांची तरतूद ठरली. त्याआधी मार्चमधल्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी पहिल्या टप्प्यात एक लाख एकरांवरच्या 50 हजार शेतकऱ्यांपर्यंत हे तंत्र नेण्याची घोषणा केलीच होती. धोरणाची भाषा सरकारी आहे, पण सांगणं सोपं आहे. हवामानाची नोंद, जमिनीची माहिती, पिकांची नोंद, किडींचं सर्वेक्षण आणि बाजारभाव यांची सरकारकडे वेगवेगळी दप्तरं आहेत. एका दप्तराला दुसऱ्याचा पत्ता नसतो. ही सगळी एका जागी जोडायची, त्यावर उपग्रहाची चित्रं चढवायची आणि त्यातून निघालेला सल्ला मराठीत थेट शेतकऱ्याच्या फोनवर पोहोचवायचा. 2025 मध्येच आलेलं ‘महाविस्तार’ ॲप हे त्या सल्ल्याचं तोंड. त्याला मराठीत प्रश्न विचारता येतो. याशिवाय निर्यातीच्या मालावर क्यूआर कोड लावून तो कोणत्या रानातून आला हे ग्राहकाला दाखवण्याची व्यवस्था आणि चारही कृषी विद्यापीठांत नवोपक्रम केंद्रं, असा पसारा आहे.

त्या चारांपैकी एक नगर जिल्ह्यातच आहे. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ 1968 साली सुरू झालं. राज्यात गेली कित्येक वर्षं सर्वाधिक दिसलेले उसाचे वाण, 86032 आणि फुले 265, याच विद्यापीठाच्या पाडेगावच्या संशोधन केंद्रामार्फत प्रसारित झाले. एआयचा बोलबाला होण्याआधीच राहुरीच्या अभियंत्यांनी ‘फुले इरिगेशन शेड्युलर’ नावाचं ॲप तयार केलं होतं. हवामान, जमिनीचा प्रकार आणि पिकाचं वय यांवरून पानांतून आणि मातीतून किती पाणी उडून गेलं याचा हिशेब ते मांडतं आणि ठिबक किती वेळ चालू ठेवायचं ते सांगतं. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या हवामान-अनुकूल शेतीच्या प्रकल्पात इथे ड्रोन आणि संवेदकांवरही काम झालं. म्हणजे नव्या धोरणाला नगरमध्ये कोऱ्या पाटीवर लिहायचं नाही. विद्यापीठात जे तयार आहे ते बांधावर का पोहोचलं नाही, हा पहिला प्रश्न त्याने स्वतःला विचारायला हवा.

सध्या ज्या प्रयोगाचा गाजावाजा आहे तो मात्र भीमेपलीकडच्या बारामतीचा. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मदतीने 2024 पासून सुमारे एक हजार शेतकऱ्यांच्या उसात एआय आणलं. रानात मातीचा ओलावा, तापमान आणि क्षारता मोजणारे संवेदक रोवले, जवळ छोटं हवामान केंद्र उभं केलं, त्यात उपग्रहाची चित्रं घातली आणि या सगळ्याचा निष्कर्ष शेतकऱ्याच्या फोनवर येऊ लागला. 2025 च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी जाहीरपणे बारामतीचं नाव घेतलं आणि प्रयोगाची कीर्ती साता समुद्रापार गेली. उसाचं वजन 30 ते 40 टक्क्यांनी वाढलं, पाणी आणि खत वाचलं, असं प्रकल्पाचं म्हणणं आहे. प्रकल्प चालवणाऱ्यांनी स्वतःच्या प्रकल्पाविषयी सांगितलेले हे आकडे आहेत, तेव्हा ते तेवढ्याच बेताने घ्यावेत. देखरेखीखालच्या हजार शेतकऱ्यांचं उत्पन्न आणि वाऱ्यावर सोडलेल्या लाखभर शेतकऱ्यांचं उत्पन्न यांत नेहमीच फरक पडतो.

बारामतीपाठोपाठ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने हे तंत्र कारखान्यांमार्फत पसरवायचं ठरवलं. हेक्टरी 25 हजार रुपये खर्चापैकी शेतकऱ्याने 9 हजार, कारखान्याने 6,750 आणि इन्स्टिट्यूटने 9,250 रुपये उचलायचे, अशी ती वाटणी. नगरकरांना ही रीत नवी वाटायचं कारण नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा पहिला गळीत हंगाम 1950 च्या अखेरीस सुरू झाला. तेव्हापासून या भागात नवं बियाणं, खत, ठिबक, काहीही आलं तरी ते कारखान्याच्या शेतकी विभागातून आणि उसाच्या बिलातून कापल्या जाणाऱ्या हप्त्यातून आलं. कारखान्याचा चिटबॉय रानात जाऊन लागणीची नोंद करतो, कोणाचा ऊस कधी तुटायचा हे त्याच्या वहीवर ठरतं. एआयलाही हाच रस्ता सोयीचा पडेल.

आणि नेमकी इथेच खरी अडचण आहे. कारखान्याचा रस्ता उसापर्यंतच जातो.

फोनवर ‘आज वीस मिनिटं पाणी द्या’ असा निरोप येतो, तो ज्याच्याकडे विहीर, ठिबक आणि दिवसा वीज आहे त्याच्यासाठीच उपयोगाचा. भंडारदरा धरणाच्या पाण्यावर ऊस करणाऱ्याला पाणी आवर्तन सुटेल तेव्हा मिळतं आणि त्याचा पाळीचा दिवस कालवा सल्लागार समिती आणि पाटबंधारे खातं ठरवतं. यंत्राला मातीचा ओलावा कळला तरी आवर्तन लांबलं हे त्याला कोणी सांगायचं? विजेचंही तसंच. रात्री वीज येणार असेल तर पाणी रात्रीच द्यावं लागतं, मग सल्ला दुपारचा असो की पहाटेचा.

वाचलेल्या पाण्याचं पुढे काय होतं, हा त्याहून टोकदार सवाल. ठिबकचा महाराष्ट्रातला अनुभव सांगतो, की पाणी वाचलं की ते धरणात किंवा जमिनीत राहत नाही, त्यावर आणखी दोन एकर ऊस उभा राहतो. एआयने निम्मं पाणी वाचवलं तरी पाण्याखालचं क्षेत्र दुप्पट होणार असेल तर भूजलाच्या हिशेबात जमा शून्य. याचं उत्तर बारामतीत नाही, नगर शहरापासून जवळ असलेल्या हिवरे बाजारात आहे. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर या गावाने उसासारख्या पाणीखाऊ पिकांना आणि शेतीसाठी विंधन विहिरींना मनाई केली. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि रब्बीत किती क्षेत्र पेरायचं ते तिथेच ठरवायचं, असा शिरस्ता पाडला. पर्जन्यमापक, वही आणि सगळ्यांनी पाळायचा नियम एवढ्यावर हे चाललं. सरकारने या ताळेबंदाला उपग्रहाची आणि संवेदकांची जोड दिली, म्हणजे ग्रामसभेसमोर अख्ख्या शिवाराचं पाणी आकड्यांत ठेवलं, तर त्या 500 कोटींतले काही कोटी सार्थकी लागतील. सल्ला एकेकट्याच्या फोनवर गेला की प्रत्येकजण आपापलं बघतो.

यंत्र कितीही हुशार असलं तरी त्याला खाऊ घालायची ती नोंद माणसांनीच केलेली असते. नगर जिल्ह्याचा या बाबतीत वेगळा वाटा आहे. 15 ऑगस्ट 2021 रोजी ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली तेव्हा महसूलमंत्री संगमनेरचे बाळासाहेब थोरात होते, आणि 2022 मध्ये ते खातं लोणीच्या राधाकृष्ण विखे पाटलांकडे गेलं. तलाठ्याने चावडीत बसून सातबाऱ्यावर पीक लिहायचं, ही जुनी पद्धत मोडून शेतकऱ्याने रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, अशी ही व्यवस्था. कल्पना उत्तम आहे. पण डोंगराळ भागात रेंज नसते, म्हाताऱ्या खातेदाराकडे तसा फोन नसतो, मग गावातलं एखादं पोर एकाच दिवसात दहा जणांची पाहणी उरकतं. त्यातून पडीक रानात सोयाबीन उगवतं आणि कांद्याच्या जागी तूर दिसते. पुढे हीच नोंद एआयच्या पोटात जाते.

‘ॲग्रिस्टॅक’ या सरकारी नोंदणी योजनेतला शेतकरी ओळख क्रमांकही सातबाऱ्याला बांधलेला आहे. एप्रिल 2025 पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी तो सक्तीचा झाला. ज्याच्या नावावर जमीन आहे तो या यंत्रणेत शेतकरी. बटाईने किंवा वाट्याने रान करणारा, नवऱ्याच्या नावावरची शेती वर्षानुवर्षं एकटीने ओढणारी बाई, भावकीच्या सामायिक खात्यातला धाकटा, ही माणसं शेती करतात पण यंत्राच्या खिजगणतीत नाहीत.

हवामानाची गोष्ट आणखी बारकाईने पाहावी अशी. महावेध प्रकल्पातून राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसली, साधारण प्रत्येक महसूल मंडळाला एक. एका मंडळात अनेक गावं असतात. 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते आणि मदतीचा मार्ग मोकळा होतो. नगरचा वळवाचा पाऊस मात्र मंडळाची हद्द बघून पडत नाही. ओढ्याच्या अलीकडे ढगफुटी आणि पलीकडे धूळ, हे इथे कोणीही सांगेल. केंद्र कोरड्या गावात असेल तर यंत्राच्या लेखी अतिवृष्टी झालीच नाही. तेव्हा भारी भारी प्रणाली विकत घेण्याआधी गावागणिक पर्जन्यमापक आणि त्यांची नियमित डागडुजी, हे कमी चमकदार काम आधी व्हायला हवं.

जिरायत शेतकऱ्याला एआयचा फायदा कुठे होईल याचं एक उदाहरण देशातच घडलं आहे. 2025 साली मान्सून मुंबईत 26 मे रोजीच दाखल झाला आणि नंतर जवळजवळ तीन आठवडे अडखळला. त्या हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयाने गुगल आणि युरोपीय हवामान केंद्राच्या एआय प्रारूपांवर आधारलेले मान्सूनचे अंदाज 13 राज्यांतल्या सुमारे 3 कोटी 80 लाख शेतकऱ्यांना एसएमएसने पाठवले, आणि मधल्या खंडाची चाहूल त्यांत होती. त्यासाठी ना संवेदक लागला, ना महागडा फोन. लवकर आलेल्या पावसावर भुलून पेरलं आणि दुबार पेरणीची वेळ आली, तर पाथर्डीच्या शेतकऱ्याचं बियाण्या-खताचं सगळं भांडवल मातीत जातं. ‘अजून आठ दिवस थांबा’ एवढा एक भरवशाचा निरोप त्याच्यासाठी लाखमोलाचा आहे.

कांद्याच्या भावाबाबत मात्र फार आशा ठेवू नये. नगर, घोडेगाव, राहाता इथल्या बाजारांतल्या आवकेवरून यंत्र पुढच्या महिन्याचा भाव वर्तवू शकेल, पण कांद्याचा भाव बाजारातच ठरतो असं कुठे आहे? ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी, मे 2024 मध्ये ती उठली पण शुल्क राहिलं, सप्टेंबरमध्ये ते निम्मं झालं आणि 1 एप्रिल 2025 ला गेलं. दिल्लीतून निघणारा आदेश कोणत्याही प्रारूपाला आधी कळत नाही. चाळीतला कांदा तेवढ्यात सडतो.

रोगकिडीचं तसं नाही. तिथे महाराष्ट्राकडे खरोखर ठेवा आहे. 2008 मध्ये सोयाबीनवर अळीने हाहाकार माजवला, त्यानंतर सुरू झालेल्या ‘क्रॉपसॅप’ या कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्पातून गेली पंधरा वर्षं गावोगावच्या किडींच्या नोंदी साठल्या आहेत. पानाचा फोटो पाहून करपा की अन्नद्रव्याची कमतरता हे सांगायला यंत्र शिकू शकतं. तेलंगणात खम्मम जिल्ह्यात सात हजार मिरची उत्पादकांबरोबर असा सल्ल्याचा प्रयोग झाला, तेव्हा उत्पादन एकरी 21 टक्के वाढून कीटकनाशकं 9 टक्के कमी लागल्याचं सांगण्यात आलं. पण तिथेही सल्ल्यासोबत माणसं रानात जात होती. ॲपने चुकीचं औषध सांगितलं आणि प्लॉट जळाला तर भरपाई कोण देणार, हे शेतकऱ्याला ॲपच्या पहिल्याच पानावर वाचायला मिळालं पाहिजे. दुकानदाराच्या सल्ल्याने फवारलं तर निदान त्याच्याशी भांडता तरी येतं.

यंत्राच्या सल्ल्यात गावठी बियाण्याचंही भान हवं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी बायफ संस्थेच्या साथीने गावठी भात, वाल, घेवड्याचं बियाणं जपलं, त्यासाठी 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. विद्यापीठाच्या शिफारशींवर शिकलेल्या यंत्राला संकरित वाणांची खतमात्रा पाठ असेल, या बियाण्यांविषयी ते गप्प राहील किंवा, जास्त वाईट म्हणजे, काहीतरी ठोकून देईल. राहुरीच्या नवोपक्रम केंद्राने राहीबाईंसारख्या बायकांकडचं ज्ञान रीतसर, त्यांच्या नावानिशी नोंदवून घ्यावं.

धोरणाची मुदत 2029 पर्यंत आहे. उसाच्या पट्ट्यात ते सरकारच्या मदतीवाचूनही पसरेल, कारण तिथे कारखाना आहे, पैसा आहे आणि विकणाऱ्या कंपन्याही दारात उभ्या आहेत. सरकारी पैसा त्यामुळे आधी पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या जिरायतीवर, गावोगावच्या पर्जन्यमापकांवर आणि बटाईदारांच्या नोंदीवर खर्च व्हावा. शेतकऱ्यांनीही एवढं करावं: ई-पीक पाहणी दुसऱ्यावर न सोपवता स्वतः रानात उभं राहून करावी, आणि गावाची पीकनोंद हंगामात एकदा ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्यावी. चुकलेली ओळ दुरुस्त करायला तीच योग्य जागा आहे.