दानाची गोधडी शिवताना कापड पारखून घ्या

थंडीच्या तोंडावर वस्तीतल्या आयाबहिणी दानासाठी गोधड्या शिवायला बसतात. भिवंडी यंत्रमागांचं गाव. चिंध्या, कटपीस स्वस्तात मिळतात. पण त्यात पॉलिस्टर बरंच असतं. ते घाम शोषत नाही. ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं, जखम खोल जाते.

म्हणून आधी पारख करा. एक धागा चिमट्यात धरून जाळा. सुती धागा जळक्या कागदासारखा वास देतो, मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

जुनी सुती साडी उजेडासमोर धरा. विरलेली असेल तर बाजूला ठेवा. नवं कापड आधी धुवा, म्हणजे खळ निघते आणि आटायचं तेवढं आटतं. वापरलेलं कापड गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, नाहीतर गोधडीबरोबर खरूजही दुसऱ्या घरी जाते. धावदोरा जवळजवळ घाला. थर मोजकेच ठेवा. ओली गोधडी एका बाईला पिळता आली पाहिजे.

वर्षाच्या आतल्या झोपलेल्या बाळावर जड गोधडी घालू नका, तोंडावर आली तर श्वास कोंडतो. हे देतानाच आईला सांगा.

आपल्या लेकरावर घालाल, तीच गोधडी दान करा. उरलंसुरलं देणं म्हणजे दान नव्हे.