पानाच्या पोटचें रोप

बी न पेरतां, फांदी न लावतां केवळ एका पानापासून नवें झाड होतें, हें निसर्गाचें कौतुक पानफुटीनें आपल्याला दाखविलें आहे. मूळची मादागास्करची ही वनस्पति; तिचें पान ओलसर मातीवर नुसतें ठेवलें तरी कडेच्या खांचांतून इवलीं रोपें डोकावूं लागतात. जर्मन महाकवि गटे याला तिचा मोठा नाद होता. तिचीं रोपें तो स्नेह्यांना भेट देत असे.

परंतु रोप फुटणें आणि रोप जगणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बार्शीच्या गृहिणीला हा भेद विशेष जाणवतो. हा मुलूख ज्वारीचा आणि काळ्या मातीचा. ज्वारीला जी माती अन्नपूर्णा, तीच ह्या तान्ह्या रोपांना जड जाते. पाणी मिळतांच ती फुगून चिकट होते, आंतील हवा कोंडते आणि देठ कुजतो. वाळली कीं भेगाळते आणि कोंवळीं मुळें तुटतात. म्हणून दोन वाटे नदीची जाड वाळू व एक वाटा चाळलेलें, पुरतें मुरलेलें पाल्याचें खत घ्यावें. काळी माती रोप सावरल्यावर थोडी मिसळावी.

बेगोनिया व आफ्रिकन व्हायोलेट यांचें पान देठासह लावावें. सान्सेव्हिएरियाच्या पट्ट्यासारख्या पानाचे चार चार बोटांचे तुकडे करावेत, दोन दिवस सावलींत सुकवावेत आणि खालची बाजू खालींच ठेवून रोवावेत. मात्र त्याची पिवळी कड नव्या रोपांत उतरत नाहीं. मनीप्लँटच्या नुसत्या पानाला मुळें येतील, पण खोडावरचा डोळा बरोबर नसेल तर कोंब यावयाचा नाहीं.

आषाढ-श्रावणाची दमट हवा ह्या कामाला उत्तम. वैशाखांत बार्शीचा पारा ४० अंशांवर जातो. तेव्हां नवें पान लावूंच नये. व्हायोलेटला मुळें फुटण्यास ३-४ आठवडे लागतात. रोपें वर दिसण्यास आणखी तितकेच, कधीं अधिकहि. खरी कसोटी येथूनच सुरू होते.

रोप दिसतांच मूळ पान खुडण्याची घाई करूं नये. बाळरोपाचीं पानें इतकीं लहान कीं, त्यांना स्वतःपुरतें अन्न करतां येत नाहीं; तें मातृपर्णाच्या सांठ्यावर जगतें. तें पान पिवळें पडूं लागलें तर समजावें कीं, आपला सांठा तें लेंकराच्या ओंजळींत रिता करीत आहे. काळें पडून कुजलें तरच काढावें. रोपाला स्वतःचीं तीन-चार पानें आलीं म्हणजे त्याला वेगळ्या, लहानशा कुंडींत हलवावें.

पाणी रोजच्या नेमानें घालूं नये. बोटाचें एक पेर मातींत खुपसून पाहावें. कोरडें लागलें तरच घालावें. तान्हीं रोपें तहानेनें जितकीं मरतात, त्याहून अधिक मायेच्या पाण्यानें कुजतात. खताची उतावीळहि तशीच घातक; नवें पान वाढूं लागल्यावर अगदीं पातळ करून द्यावें. सकाळचें कोंवळें ऊन हळूहळू संवयीनें दाखवावें, दुपारच्या झळा मात्र टाळाव्यात.

पाण्याची ओढ असलेल्या आपल्या मुलखाला ही विद्या शोभते. तिला पाणी थोडें, पण लक्ष पुष्कळ लागतें. आणि पानफुटीचें पान तर लिफाफ्यांतूनहि दूरगांवच्या लेकीकडे सुखरूप पोंचतें. माहेरचें झाड तिच्या खिडकींत वाढावयास तेवढें पुरे आहे.