'मोर' लावलं की तुलना झाली?

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातला प्रबंध असो की नोकरीचा अर्ज, 'हे त्यापेक्षा अवघड' असं इंग्रजीत लिहायची वेळ येतेच, आणि तिथंच ठेच लागते. 'कॉटन पिकिंग इज डिफिकल्ट दॅन सोयाबीन हार्वेस्टिंग' असं लिहिणाऱ्याला इंग्रजी येत नाही, हा पहिला गैरसमज. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. शब्द सगळ्यांना ठाऊक असतात. चूक शिरते ती मराठीच्या सवयीतून. 'कापूस वेचणं सोयाबीन काढण्यापेक्षा अवघड' म्हटलं की तुलनेचा सगळा भार 'पेक्षा' उचलतं, 'अवघड' जागचं हलत नाही. इंग्रजीत एकट्या 'दॅन'वर भागत नाही. विशेषणालाही रूप बदलावं लागतं. म्हणून 'मोर डिफिकल्ट' लिहायचं, आणि 'हार्ड', 'टफ' अशा आखूड शब्दांचं 'हार्डर', 'टफर' करायचं.

दुसरा गैरसमज याच्या उलट टोकाचा: 'मोर हार्डर' म्हटलं की जोर वाढतो. यावर कुणी शेक्सपिअरचा दाखला देईल, आणि तो खोटा नाही; 'ज्युलिअस सीझर'मध्ये अँटनीच्या तोंडी दुहेरी तमभाव आहेच. पण त्या काळी ते चालत होतं. १७६२ साली रॉबर्ट लोथ यांच्या व्याकरणानं अशी दुहेरी रूपं अयोग्य ठरवली, आणि आजच्या प्रमाण लेखनात ती चूकच धरली जातात. जोर द्यायचाच तर 'मच हार्डर' किंवा 'फार मोर डिफिकल्ट' आहे. 'व्हेरी हार्डर' मात्र नाही. तसंच 'लेसर डिफिकल्ट'ही नाही. 'लेस डिफिकल्ट' बरोबर, आणि बहुतेक ठिकाणी सरळ 'ईझिअर' जास्त शोभतं.

'अर्थ कळला ना, मग झालं,' हा आक्षेप बोलण्यापुरता रास्त आहे. समोरचा लगेच विचारून घेतो. कागदाला तशी सोय नाही. 'वी फेस्ड मोर डिफिकल्ट प्रॉब्लेम्स' हे वाक्य व्याकरणात चोख आहे, तरी अडचणी संख्येनं वाढल्या की अधिक बिकट झाल्या, ते कळत नाही. 'हार्डर प्रॉब्लेम्स' लिहिलं की शंका मिटते. 'कंट्रोलिंग पिंक बोलवर्म इज हार्डर दॅन सोयाबीन' यात रूप बरोबर, पण तुलना फसलेली: एका बाजूला बोंडअळीचं नियंत्रण, दुसऱ्या बाजूला नुसतं पीक. तिथं 'दॅन ग्रोइंग सोयाबीन' हवं. तेव्हा तुलनेचं वाक्य तपासताना आधी 'दॅन'च्या दोन्ही बाजू एकाच जातीच्या आहेत का ते पाहावं, मग विशेषणाचं रूप. नुसतं 'मोर' आहे की नाही एवढंच पाहणाऱ्याच्या हातून ही दुसरी चूक निसटते, आणि प्रबंधात तीच महागात पडते.