धुराची खतावणी

श्रोतेहो, तहान लागल्यावर विहीर खणावयास निघणारा मनुष्य आपल्या हंसण्याचा विषय होतो. पण टेंडरची मुदत उद्यां संपणार आणि आवश्यक कागद आज शोधणार, असे व्यापारी थोडे नाहींत. ब्रिटनमध्यें सरकारी काम मिळवूं इच्छिणाऱ्यांवर तर असा प्रसंग आतां एका नव्या कारणानें येतो. आपल्या मालाचा दर काय, एवढें सांगून तेथें भागत नाहीं. आपल्या धंद्यापायीं हवेंत धूर किती जातो, हेंही सांगावें लागतें. तेथें स्थायिक झालेल्या मराठी व्यावसायिकांना या माहितीचा उपयोग व्हावा, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

या नियमाचें मूळ कायद्यांत आहे. ब्रिटिश पार्लमेंटनें २००८ सालीं हवामानबदलाचा कायदा केला. २०१९ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन, २०५० पर्यंत देशाचें निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचें बंधन सरकारनें पत्करलें. निव्वळ शून्य म्हणजे जेवढा वायु हवेंत सोडावा, तेवढाच परत शोषला जावा. आतां सरकार हें देशांतील फार मोठें गिऱ्हाईक. गिऱ्हाइकानें आग्रह धरला म्हणजे दुकानदार हलतो. म्हणून ३० सप्टेंबर २०२१ पासून मध्यवर्ती सरकारच्या खात्यांनीं असा नियम केला कीं, वर्षाला ५० लक्ष पौंडांहून अधिक किंमतीच्या कंत्राटासाठीं टेंडर भरणाऱ्यानें 'कार्बन-कपात योजना' सादर करावी. फेब्रुवारी २०२५ मध्यें सरकारी खरेदीचा नवा कायदा अमलांत आला, तेव्हां या नियमाचा क्रमांक बदलला. तत्त्व तेंच राहिलें. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनें एप्रिल २०२३ पासून मोठ्या कंत्राटांना हीच अट घातली आणि एप्रिल २०२४ पासून लहान कंत्राटांनाही ती सौम्य रूपांत लावण्यास आरंभ केला.

या अटीचें स्वरूप नीट समजून घ्यावें. कमी धूर सोडणाऱ्याला येथें अधिक गुण मिळतात, असें नाहीं. ही दाराशीं उभी असलेली अट आहे. ती पुरी झाली तर आंत प्रवेश. न झाली तर दर कितीही स्वस्त असो, काम कितीही चोख असो, टेंडर बाद होऊं शकतें. शेंदोनशें माणसांचें पोट ज्या कंत्राटावर चालावयाचें, तें एका न लिहिलेल्या पत्रकापायीं हातचें जावें, याहून खेदाची गोष्ट कोणती?

मग या योजनेंत लिहावयाचें काय? प्रथम, २०५० पर्यंत निव्वळ शून्य गांठण्याचें वचन. दुसरें, एका आधारभूत वर्षाचें उत्सर्जन. तिसरें, चालू उत्सर्जन. चौथें, तें कमी करण्यासाठीं योजिलेले उपाय. शेवटीं, कंपनीच्या संचालकाची सही. असें हें पत्रक कंपनीच्या संकेतस्थळावर सर्वांना दिसेल असें ठेवावें लागतें आणि दरसाल नवें करावें लागतें.

उत्सर्जनाचा हिशेब तीन वर्तुळांत करतात. पहिल्या वर्तुळांत आपण स्वतः जाळलेलें इंधन आणि वातानुकूलन यंत्रांतून गळणारा वायु येतो. दुसऱ्यांत विकत घेतलेली वीज. तिसरें वर्तुळ फार विस्तृत आहे. परंतु या योजनेसाठीं त्यांतील पांचच बाबी मागितल्या आहेत: येणाऱ्या मालाची वाहतूक, जाणाऱ्या मालाची वाहतूक, कचरा, कामानिमित्त केलेला प्रवास आणि नोकरांचें घरून कामावर जाणें-येणें. पुण्याच्या कारखान्यांतून तिकडे सुटे भाग जात असतील, तर ते बोटीनें गेले कीं विमानानें, ही चौकशी येथपर्यंत येऊं शकते, ती याच कारणानें.

हिशेब वाटतो तितका अवघड नाहीं. समजा, आपला धंदा इमारतींच्या देखभालीचा आहे आणि गाड्यांना वर्षांत १०,००० लिटर डिझेल लागलें. एक लिटर डिझेल जळलें कीं सुमारें अडीच किलो कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. म्हणजे २५ टन झाला. एका लिटराचें वजन किलोहूनही कमी, मग अडीच किलो कोठून आले? जळतांना डिझेलांतील कार्बनाला हवेंतील ऑक्सिजन येऊन मिळतो, त्याचें तें वजन. कचेरी आणि गोदाम मिळून ५०,००० युनिट वीज लागली असेल, तर तेथील विजेच्या युनिटामागें ०.२ किलो धरून आणखी १० टन. हे गुणक ब्रिटिश सरकार दरसाल विनामूल्य प्रसिद्ध करतें व ते बदलत असतात. म्हणून ज्या वर्षाचा हिशेब, त्याच वर्षाचे गुणक वापरावे.

खरी अडचण गुणाकाराची नव्हे, पावत्यांची आहे. डिझेलच्या पावत्या ड्रायव्हरच्या खिशांत, विजेचीं बिलें घरमालकाकडे, कचऱ्याचें वजन कोणीच घेतलेलें नाहीं, अशी स्थिति असली म्हणजे आठ दिवसांत योजना होणें कठीण. म्हणून टेंडरच्या निदान वर्षभर आधीं एका जबाबदार माणसाकडे हें काम सोंपवावें. पैशाची कीर्द-खतावणी आपण ठेवतों, तशीच लिटर, युनिट आणि मैल यांची खतावणी त्यानें महिन्याचे महिन्यास ठेवावी. नोकर कामावर कसे येतात, हें वर्षांतून एकदां त्यांनाच विचारावें.

आधारभूत वर्ष निवडतांनाही सावध असावें. २०२० सालीं महामारीमुळें कचेऱ्या बंद आणि गाड्या उभ्या होत्या. तें वर्ष आधार धरलें, तर पुढें प्रामाणिक काटकसर करूनही आंकडा वाढलेलाच दिसेल. धंदा वाढल्यामुळें उत्सर्जन वाढलें असेल, तर तें तसेंच लिहून कारण द्यावें. झाडें लावण्यास पैसे दिले, म्हणून डिझेलचा आंकडा कमी दाखवूं नये. तें दान वेगळें, हा हिशेब वेगळा. उपायही मोजतां येतील असेच लिहावे. "आम्ही पर्यावरणप्रेमी आहों" या वाक्यानें कांहीं सिद्ध होत नाहीं. "दोन वर्षांत सहा डिझेल गाड्यांऐवजीं विजेच्या गाड्या घेऊं" यानें होतें. मात्र जें लिहिलें त्याचा जाब पुढच्या वर्षीं द्यावा लागेल, हें स्मरावें. पत्रक उघड्यावर आहे आणि त्याखालीं आपली सही आहे.

असा हिशेब ठेवणाऱ्यास आणखी एक लाभ होतो. डिझेल कोठें वायां जातें आणि रिकाम्या गोदामांत रात्रभर दिवे कां जळतात, हें त्याला आपल्याच वहींत दिसूं लागतें. म्हणून टेंडरची जाहिरात येण्याची वाट न पाहतां, श्रोतेहो, पहिली पावती या महिन्यांतच नोंदवावी.