मोडेन, पण वाचेन!

आजीच्या लोखंडी पेटीत बारा कागद होते. सगळे मोडीत. एका रविवारी त्यातल्या एकाचा मोबाइलवर फोटो काढला, एका चॅटबॉटला (नाव नको!) दिला आणि विचारलं, यात काय लिहिलंय? दहा सेकंदांत उत्तर हजर. शके १७१२, म्हणजे इसवी सन १७९०. पेशवेकालीन इनामपत्र! भाषाही अशी भारदस्त, की मी फिदाच झाले. फॅमिली ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासात काकांनी फ्रेमवाल्याला फोनही केला होता.

शनिवारी तोच कागद घेऊन मी सदाशिव पेठेतल्या मोडीच्या वर्गात गेले. मोडी शिकवणारे सर सत्तरीचे. त्यांनी भिंग लावलं, दोन ओळी वाचल्या आणि हसले. ‘‘शके १७१२ नाही, १७९२. नवाचा एक झालाय. आणि पुढे बघा, प्रमोद नाम संवत्सर लिहिलंय. संवत्सरं साठ वर्षांनी फिरून येतात. १७१२ला प्रमोद येऊच शकत नाही.’’ म्हणजे १८७०. पेशवाई बुडून पन्नासेक वर्षं झालेली. आणि इनामपत्र? ‘‘छे हो. गहाणखत आहे. विहिरीजवळचं शेत, पंचाहत्तर रुपयांना.’’

आता थोडा मोडीचा फंडा. आधी ओळभर रेघ मारायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच. कुठला ते मजकुरावरून ठरवायचं. त्यात जुन्या पत्रांतली सालं अरबी शब्दांत. ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे सहा, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७६. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७५. ऑफिसमधली एक्सेल शीट यापुढे चिल वाटते!

हे वाचणारे मोजके, आणि कागद अफाट. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत. (रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, खिशातला नव्हे.) गो. स. सरदेसाईंनी १९३०च्या दशकात त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड छापले, तरी बहुतेक गठ्ठे तसेच. शाळांतून मोडी १९५०च्या आसपास गेली. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारी दप्तरं उघडली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. एका नोंदीवर एखाद्याचं अ‍ॅडमिशन अडलेलं. तिथे नवाचा एक झाला तर?

म्हणून मशीनचं आकर्षण समजू शकतं. २०१४मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. २०२५मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी कागदांच्या २,०४३ प्रतिमा आणि त्यांचं देवनागरी लिप्यंतर असा संच तयार केला, वर कागद थेट देवनागरीत आणणारं मॉडेलही. दोन हजार म्हणजे किती? इंग्रजीसाठी मशीनला अब्जावधी शब्द मिळतात. त्यापुढे हे चिमूटभर. आणि ते २,०४३ तरी आधी कुणीतरी डोळे फोडून वाचलेच ना!

वर्गात माझ्या शेजारी हिंजवडीतला एक सॉफ्टवेअर इंजिनीअर बसतो. तो वीकएंडला स्वतःचं मॉडेल शिकवतोय. स्कॅन करतो, ओळी कापतो, मशीनचं वाचन सरांपुढे ठेवतो. सर लाल पेनानं दुरुस्त करतात. मला वाटलं होतं, सर वैतागत असतील. उलट, एकदम खूश! ‘‘एवढ्या मुकाट्यानं चुका मान्य करणारा विद्यार्थी मला चाळीस वर्षांत मिळाला नाही,’’ म्हणाले.

पण चहाच्या वेळी त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती डोक्यातून जात नाही. मोडी शिकतो तो पावत्या, गहाणखतं, हिशेब वाचून. सोपे, एकसारखे कागद. अशी पाचशे वाचली की हात बसतो, त्याचे चार पैसेही मिळतात. मशीन आधी हेच कागद घेणार. मग अवघड पत्र आलं, की ते वाचणारा माणूस तयार कुठे होणार? इंजिनीअर म्हणाला, ‘‘सर, मशीन शंका आली की थांबेल असं करू.’’ सर म्हणाले, ‘‘थांबेल हो. पण मग कुणाला विचारेल?’’ तो बिस्किट बुडवत राहिला. बिस्किट पडलं कपात.

माझं म्हणाल तर, मशीनचा मला राग नाही. दहा सेकंदांत उत्तर मिळालं नसतं तर तो कागद पेटीतच राहिला असता. राग येतो तो त्याच्या आत्मविश्वासाचा. ‘नीट लागत नाही’ असं सर एका तासात चार वेळा म्हणाले. चॅटबॉट एकदाही नाही.

फ्रेम कॅन्सल झाली. काका अजून घुश्शात आहेत. आजीला मात्र सांगावंच लागलं. विहिरीजवळचं शेत चुलत घराण्यानं लबाडीनं घेतलं, असं ती आयुष्यभर सांगत आलीये. तीन पिढ्या त्या घरी कुणी जेवलेलं नाही. आणि कागदावर खाली आमच्याच खापरपणजोबांची निशाणी, नांगर काढलेला.

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘मुदत किती लिहिलीये?’’

पाच वर्षं.

‘‘मग सोडवलं का नाही, ते बघ.’’

पेटीत अजून अकरा कागद आहेत. सरांनी फोटो काढायला बंदी केलीये. आधी कट-निबच्या पेनानं उतरवून आणायचे, मग विचारायचं. पहिल्याच्या चार ओळी झाल्या आहेत. दोन शब्द लागत नाहीयेत.