नेटवायर: न सांगता फाइली ठेवून जाणारा पाहुणा

नेटवायर हे सॉफ्टवेअर २०१२ पासून इंटरनेटवर राजरोस विकलं जात होतं. दूरच्या संगणकाची देखभाल करायला सोयीचं, अशी त्याची जाहिरात. गुन्हेगारांनी मात्र ते हेरगिरीला जुंपलं. मार्च २०२३ मध्ये एफबीआयने त्याचं संकेतस्थळ ताब्यात घेतलं. त्याच्या कितीतरी आधी ते नागपुरात, वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकात शिरलं होतं, असं अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल न्यायवैद्यक कंपनीचं म्हणणं आहे.

भीमा कोरेगाव हिंसाचाराच्या प्रकरणात एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी गडलिंग आणि दिल्लीचे कार्यकर्ते रोना विल्सन यांची उपकरणं जप्त केली. बचाव पक्षाने त्यांच्या प्रती आर्सेनलकडे तपासायला दिल्या. २०२१ च्या अहवालांनुसार विल्सन यांच्या लॅपटॉपवर २२ महिने, तर गडलिंग यांच्या संगणकावर २० महिन्यांहून अधिक काळ एकाच हल्लेखोराचा ताबा होता.

१३ जून २०१६ ला विल्सन यांना ओळखीच्या व्यक्तीच्या खात्यावरून ईमेल आले. फाइल उघडा, असा लकडाच लावला गेला. त्यांनी ती उघडली. पडद्यावर साधा मजकूर आला आणि त्याआड नेटवायर बसलं.

नेटवायरसारख्या बॅकडोअर ट्रोजनची रीतच ही. मालकाच्या क्लिकने तो आत येतो. विंडोजसोबत आपोआप सुरू होण्याची तजवीज करतो आणि बाहेरच्या सर्व्हरशी स्वतःच संपर्क साधतो. बाहेरून येणाऱ्यांना अडवणाऱ्या फायरवॉलला आतून निघालेली ही जोडणी सहसा खटकत नाही. मग दाबलेली प्रत्येक कळ टिपली जाते, पासवर्ड जातात. फाइली नेता येतात, तशा आणून ठेवताही येतात.

विल्सन यांच्या लॅपटॉपवर लपवलेल्या फोल्डरमध्ये आक्षेपार्ह पत्रं अशीच ठेवली गेली आणि ती तिथे कधी उघडल्याची खूण नाही, असं आर्सेनल सांगते. पुढे या प्रकरणाचा तपास हाती घेतलेल्या राष्ट्रीय तपास संस्थेला (एनआयए) हे मान्य नाही.

जप्तीच्या वेळी काढलेली हॅश व्हॅल्यू, म्हणजे डेटावरून गणिताने काढलेली ओळखखूण, पुढे जुळली, तर नंतर छेडछाड झाली नाही एवढंच सिद्ध होतं. आधी कोण आत येऊन गेलं, हे ती सांगत नाही. म्हणून संगणकात फाइल सापडणं आणि ती मालकाने लिहिलेली असणं, या दोन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात.